आधी पाय दाखवा

आप्पा, आज तुम्ही जिंकलात आणि ते बघायला मी हजर होते. इथे नाशकात पायदळाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे मामांना घेऊन गेले होते. तेच, तुमचे तोफखान्यातले मेहुणे. सुरगाण्याला आपल्या घरी आले की चहा संपायच्या आत सुरू व्हायचे, "दाजी, पायदळात तुम्ही केलं काय? चालत गेलात, चालत आलात." तुम्ही नुसते हसायचात. मला मात्र तो चहा त्यांच्या अंगावर ओतावासा वाटायचा.

भातलावणीचे ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. चिखलातून घरी आलो की तुम्ही आम्हा बहिणींना चुलीपुढे ओळीनं बसवता, पाय धुता, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करता, टाचा उजेडात धरून चिखल्या झाल्यात का बघता. "आधी पाय दाखवा, मग भाकरी." आई वैतागते, "पोरींचे पाय बापानं धरायचे? लोक काय म्हणतील?" आणि मामा दारातून, "अगं, दाजींना फौजेत तेवढंच शिकवलंय."

आज काचेमागे एक देखावा होता. बूट काढून दगडावर बसलेला जवान आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला साहेब, जवानाचं पाऊल हातात घेऊन. खाली लिहिलं होतं, लांबच्या चालीनंतर अधिकारी आधी जवानांचे पाय तपासतो, मग स्वतः जेवतो. मी मोठ्यानं वाचलं. मामांनी ऐकलंच नाही असं दाखवलं, म्हणून पुन्हा वाचलं, सहलीला आलेली पोरं वळून बघेपर्यंत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मामांनी काचेजवळ जाऊन ती ओळ स्वतः वाचली. मग बाकावर बसून त्यांनी बूट काढला. "दाजी असते तर त्यांनाच दाखवला असता. तू बघ गं जरा." त्यांना साखर आहे, टाचेला जखम झालेली, घरी कुणाला पत्ता नाही. मी सगळ्यांदेखत खाली बसले आणि त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं, अगदी तुमच्यासारखं. तिथून तडक इंदिरानगरच्या डॉक्टरांकडे. वेळेत आणलंत, म्हणाले. रिक्षात मामा हळूच बोलले, "दाजी खरे शिपाई होते." ऐकलंत ना?

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी एक सांगते. आज मिरवायला म्हणून नव्या चपला घालून गेले होते. माझीच टाच सोललीय, आणि मी ती न बघताच जेवले.