पाताळात उजेड कुठनं आला?

अब्बा, तुम्ही मला डाव्या हातानं मारलंत, कारण उजवा फळीला बांधलेला होता.

त्या नाटक कंपनीचे पडदे आपण दोघं रंगवत होतो. राजवाडे, बागा माझ्याकडे. पाताळ तुम्ही कुणाला देत नव्हता. मालकांना सोन्याचे खांब, रत्नांचे झोके, नटलेल्या नागकन्या हव्या होत्या. तुम्ही मात्र चुलीपुढं भाकरी मोडत अम्मीला सांगायचात, "तितं सूर्य न्हाय. मग माणसं पांढरीफटक असणार. वरच्या झाडांची मुळं छतातनं लोंबणार, तीच ती खाणार." अम्मी म्हणायची, "जेवताना तरी नगा सांगू." पडदा झाला तेव्हा पाहून माझ्याच अंगावर काटा आला. नुसता ओला काळोख, आणि त्यात मुळं चघळणारी बिनडोळ्यांची माणसं.

पहिल्याच खेळाला महाराजांच्या मैदानातल्या कुस्त्या बघून आलेली गर्दी. पडदा सुटतो आणि कुणीतरी ओरडतं, "आरं, ह्ये पाताळ हाय का कोळशाची वखार?" हशा होतो. मग नारळाच्या करवंट्या येतात, मग दगड. एक गडी रंगमंचावर चढून चाकूनं पडदा उभा फाडतो. तुम्ही मेखा ठोकायची मोगरी त्याच्या डोक्यात घालता. रक्ताची चिळकांडी थेट तुमच्या पांढऱ्या माणसांवर उडते. पुढच्या क्षणी चौघं तुमच्यावर. मी एकाच्या कानाचा लचका तोडला, तरी दुसऱ्यानं तुमचा हात पायरीवर दाबून वर टाच मारलीच. हाडं मोडल्याचा आवाज मला गर्दीच्या गोंगाटातही ऐकू आला.

मालक घरी आले. "तुमचे वडील थोर, पण लोक माझा मांडव जाळतील. सोनेरी करून द्या." मी करून दिलं. नुसत्या पडद्याला शिट्ट्या पडल्या, मांडव दणाणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पडदा पाहिलात आणि सगळ्या नटांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत.

"सोनं चमकतंय. मग पाताळात उजेड कुठनं आला रं? सांग की!"

"लोकांना आवडलं, अब्बा."

"लोकांचं न्हाय इचारत. तुला इचारतोय."

मी सोनेरी रंगाचं मडकं भिंतीवर फोडलं. मग शिडी लावली. खांब ठेवले, पण त्यांना काळ्या मुळांचे विळखे घातले. छताला एक भेग पाडली, तिच्यातून येणारी उन्हाची तिरीप खांबांवर घेतली. नागकन्या ठेवल्या, पण त्या उजेडानं पोळल्यासारखे हात डोळ्यांवर धरलेल्या. तुम्ही खाली बसून बघत होता.

पुढच्या खेळाला शिट्टी सुरू झाली आणि मधेच तुटली. पुढच्या रांगेतला एक गाडीवान हळूच म्हणाला, "बिचाऱ्यास्नी ऊन सोसंना वाटतं." तुम्ही विंगेत बसून ते ऐकलंत. "मुळं जाड झाल्यात," एवढंच म्हणालात आणि डोळे पुसलेत.

तुमच्या हातात पुन्हा कुंचला आला नाही. प्लेगात तुम्ही गेलात. मी अजून पडदे रंगवतो. लोक सोनं मागतात, मी देतो, आणि उजेड कुठून येतो ते आधी ठरवतो.

पण त्या पहिल्या सोनेरी पडद्याला, ज्यात उजेडाचा पत्ताच नव्हता, शिट्ट्या पडल्या तेव्हा मला फार सुख झालं होतं. तसं सुख पुन्हा कधी झालं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, अब्बा. हे लिहिलेलं मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, तर शेवटचं एवढं गाळलं असतं.