आई तेबुर्सूकला

वालूर
४ जानेवारी २०२५

चि. रेणुकास,
अ. आ. तू भावाचा फोन घेणं बंद केलंस, म्हणून हे पत्र. दिवाळीत आईला महिनाभरासाठी ट्युनिशियाला नेलंस, आता संक्रांत आली. लोक विचारायलेत, परमेश्वरनं आईला घराबाहेर काढलं काय? तुझी वहिनी राजेश्री एकटीच राबायली. तिथल्या पडक्या देवळांचे जुने दगड साफ करायची नोकरी तुला लखलाभ. आईला कशाला त्या परमुलखातल्या डोंगरावर नेऊन बसवलंस? याच महिन्यात आणून सोड, नाहीतर माहेर तुटलं समज.
इकडं सगळे बरे आहेत. तुझी खुशाली कळवली नाहीस तरी चालेल.
परमेश्वर

तेबुर्सूक
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
वि. वि. लोक खोटं काय विचारतात? तुझ्या लेकीच्या, साक्षीच्या साखरपुड्यात, भर पाहुण्यांत, तू आईला तुकडा खाऊन गप पडायला सांगितलंस. मी तिथेच उभी होते. म्हणून तिला आणलं.
हे गाव उतारावर आहे. रोमन काळातले दगड इथल्या घरांच्या भिंतींत अजून आहेत. समोरची म्हातारी खदीजा आईला हात धरून झऱ्यावर नेते. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि हसतात. तुझ्या घरी आई कधी हसली होती? ती इथेच राहील. व्हिसा वाढवून घेते आहे.
वहिनीला नमस्कार. तुला या वेळी नाही.
रेणुका

तेबुर्सूक
२ फेब्रुवारी २०२५

चि. परमेश्वर,
आशीर्वाद. रेणुकानं तुला लिहिलेलं मला आज सांगितलं. मला न इचारताच लिहिलं तिनं. तुमी दोघंबी सारखेच.
ती दिवसभर कामावर, मी खिडकीत. उतारानं गुडघे लय दुखायलेत. खदीजा मायेची हाय. परवा तिनं खुणेनं इचारलं, घर कुठं? मला सांगता आलं न्हाई. तिथंच झऱ्यावर बसून रडले.
मग चुडाव्याला, धाकट्या बहिणीला फोन लावला. कडूबाईबी एकलीच हाय. ये म्हणली. रेणुका मुंबईपर्यंत सोडायला येणार हाय, तोंड फुगवून. फुगू दे.
हे पत्र मिळंल तवा मी चुडाव्यात असंन. न्यायला येऊ नको. भेटायचं असंल तर एकला ये, अन् जे चारचौघांत बोललास ते कडूबाईसमोर माघारी घे. तवर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई.
राजेश्रीला सांग, जपून राहा.
तुझी आई,
सुमनबाई