गळ्यातलं तुझं, हातातलं माझं

प्रिय अव्वा,

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही मी, तुझी नात, कागद घेऊन बसले आहे. आपल्या मठाच्या स्वामींनीच बसवलं. म्हणाले, "मला कशाला सांगतेस, गिरजा? जिचं हाय तिला सांग." म्हणून सांगते.

तुझं इष्टलिंग, रोज तळहातावर घेऊन पुजायचीस ते, माझ्या गळ्यात राहिलंय. तुझ्या हातात ठेवलं ते माझं होतं.

रागावू नकोस, आधी ऐक. लातूरच्या दवाखान्यात फोटो काढायचा म्हणून गळ्यातलं काढायला लावलं, आठवतं? तू कुणाच्याच हाती देईनास. शेवटी मला म्हणालीस, "खाली ठेवू नको. गळ्यात घाल." मी घातलं, माझ्या लिंगाशेजारी तुझं. दोन्ही गुंडाळायची वस्त्रं तूच शिवलेली, आजोबांच्या एकाच धोतरातून. वरून सारखीच दिसायची. तुला आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा तू बोलत नव्हतीस. दुपार उलटायच्या आत गेलीस.

उदगीरला आणून आपल्या रीतीनं तुला खड्ड्यात मांडी घालून बसवलं, भस्म लावलं, बेल वाहिला. स्वामी म्हणाले, "अव्वाचं लिंग द्या." मी गळ्याशी हात नेला आणि हाती आलं ते दिलं. त्यांनी वस्त्र सोडून तुझ्या डाव्या तळव्यावर ठेवलं. मी बघत नव्हते का? बघत होते, पण तुझ्या पायाच्या अंगठ्याकडे. नख वाढलं होतं, कापायचं राहिलं, एवढंच डोक्यात होतं.

सगळ्या बाया रडल्या. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही, अव्वा. पोळ्या लाटते, पाहुण्यांना पाणी देते, कुणी काही बोललं की "हाव, लई जगली" म्हणते. आत काही हलतच नाही. असं होतं का गं कुणाला?

आणि तू जगलीस तरी किती! निजामाच्या राज्यात जन्मलीस. आजोबांना पोचवलंस, पोटच्या दोन लेकांना पोचवलंस. त्या त्या दिवशीसुद्धा पूजेआधी पाण्याचा घोट घेतला नाहीस. देवावर रुसावंसं कधी वाटलं नाही तुला?

आपल्या किराणा दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभं आणि तू तळहातावरच्या लिंगाकडे टक लावून.

"अव्वा, लेकरू रडायलंय, साखर द्या की."

"माझा हात गुंतलाय. तूच मापून घे. अन् चिमूटभर लेकराच्या तोंडात टाक, वरची."

त्याच साखरेच्या पुड्यांच्या कागदांवर मी वाचायला शिकले. शाळा कुठं बघितली होती मी? तू अक्षरावर बोट ठेवायचीस, "हे काय म्हणतंय?" मी काहीही ठोकून द्यायचे. तू मान डोलवायचीस.

पुढं मी लांब राहायला गेल्यावर फोनवर रोज तुझं एकच, "गिरजा, पूजा झाली का?" "हाव, झाली." माझ्या हातात चहाचा कप असायचा. तेही तू मानून घेतलंस. की कळत होतं तुला? मग एकदा तरी रागवायचं होतंस.

आज किती महिन्यांनी वस्त्र सोडलं, तर तुझं निघालं. एका बाजूनं झिजलेलं, बरोबर तुझ्या अंगठ्याएवढं. कडेला भस्म बसलेलं. माझं साठ वर्षं गळ्यात असून कोरं. तेच कोरं तुझ्या हातात गेलं. म्हणजे माझं सगळं खोटं आता तुझ्या तळव्यावर आहे.

तशीच स्वामींकडे गेले. विचारलं, "उकरून बदलता येईल का?"

"बसलेल्या अव्वाला उठवतीस? तुझं ती सांभाळंल. तिचं तू कसं सांभाळणार, ते बघ."

घरी येऊन पूजेला बसले. सवय नव्हती, पाणी सांडलं. अंगठा मात्र त्या झिजल्या जागी आपोआप जाऊन बसला. तेव्हाही रडू आलं नाही. पण चहा चुलीवर आटून गेला, आणि मला त्याची आठवण झाली नाही.

आतापासून रोज आधी हे, मग चहा. माझी वेळ येईल तेव्हा हेच माझ्या तळव्यावर ठेवा, असं घरात सांगून ठेवलंय. तुझं तुला आणून देईन. तोवर विचारत राहा, पूजा झाली का म्हणून. झाली नसेल तर नाही म्हणेन.

तुझीच,
गिरजा