वास कमी पडतोय

५ ऑक्टोबर, रविवार. चहानंतर.
निर्णय झाला. यंदा दिवाळीत कोणाला सोनपापडी द्यायची नाही. तोच डबा चार घरं फिरून आपल्याच दारात येतो. यंदा हातानं बनवलेले सुगंधी साबण. घरगुती. प्रत्येक कागदावर माझं नाव.
मोबाईलवर एक बाई तयार सोप बेस वितळवते, सुगंध टाकते, साच्यात ओतते. संपलं. मी तर अडतीच्या दुकानात माल पारखण्यात जन्म काढला. मूठभर सोयाबीन नाकाला लावून ओल सांगायचो. चिखलीचं अख्खं मार्केट मला 'नाकवाले भाऊ' म्हणायचं. या कामाला माझ्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नसेल.
रुक्मिणी कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, आता हे काय नवीन काढून राह्यले? मी म्हणालो, तू आधी तुझी कोथिंबीर पाहा, तिला काडीचा वास नाही. हल्ली कशालाच राहिला नाही. आंबा हायब्रीड, मोगरा हायब्रीड, उदबत्ती म्हणजे रंगवलेली काडी. त्या मोठ्या तापातून उठलो तेव्हापासून पाहतोय, बाजारात एक वस्तू शुद्ध येत नाही.
ती कोथिंबीर निवडत राहिली. लोकांना भेसळीची सवय होते.

७ ऑक्टोबर.
सोप बेस आला. साचे आले नाहीत.
सून प्राची बाळंतपणासाठी मलकापूरला माहेरी आहे. नात झाली. बारशाला बायकांच्या गराड्यातून दुरूनच दिसली. दिवाळीला मायलेकींना आणायला जायचं. व्याही हरिओमराव दर सणाला काजूकतलीचा हा एवढा डबा पुढं करतात आणि मग आपल्याकडं बघत बसतात. यंदा मी बघत बसेन.
दुसरं ठरवलं : नातीची पहिली दिवाळीची आंघोळ आजोबाच्या साबणानं. यात बदल नाही.

८ ऑक्टोबर. दुपार.
अत्तरवाल्याकडे गेलो. निशिगंध मागितला. त्यानं बाटलीचं बूच माझ्या नाकाखाली धरलं. मी म्हणालो, पाणी आहे. तो म्हणाला, काका, असली माल आहे. दुसरी बाटली. तीही पाणी. तिसरी उघडल्यावर दुकानातली एक बाई पदर नाकाला लावून बाहेर गेली. चोर पकडला गेला की गिऱ्हाईक असं निघून जातं.
तरी चिखलीत दुसरं दुकान नाही. तिन्ही घेतल्या. माल पातळ असेल तर जास्त टाकायचा. साधा हिशोब.

९ ऑक्टोबर.
साचे अजून नाहीत. थांबणं माझ्या स्वभावात नाही. रुक्मिणीचं अप्पेपात्र घेतलं. गोल, सुबक साबण होतील.
मुलाचा, हर्षलचा, पुण्याहून फोन आला. त्यालाही तो व्हिडिओ माहीत होता. म्हणाला, बाबा, सुगंध थेंबानं टाकतात. मी म्हणालो, थेंब शहरातल्या मालाला. तू ऑफिस सांभाळ, मी नाक सांभाळतो.
एक बाटली ओतली. वास नाही. दुसरी ओतली. किंचित भास झाला. तेवढ्यात रुक्मिणीनं स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या आणि भास गेला. शास्त्रीय काम चालू असताना वारा चालत नाही, हे तिला कोण सांगणार.

१० ऑक्टोबर.
साबण घट्ट झाले नाहीत. वर घाम आल्यासारखं तेल सुटलंय. याला मॉइश्चरायझर म्हणतात. दुकानात वेगळे पैसे घेतात.

११ ऑक्टोबर, शनिवार.
रुक्मिणीची मैत्रीण गोजरबाई उंद्रीहून आली. अप्पे केले. पात्र रुक्मिणीनं चिंच लावून, राख लावून, परत परत घासलं होतं.
गोजरबाईनं एक घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. म्हणाली, वैनी, फुलाचे अप्पे पयल्यांदाच पाह्यले. रुक्मिणीनंही खाल्ला नाही. मी सगळे संपवले. फर्स्ट क्लास होते. मीठ जरा कमी.
अन्नाची नासाडी या घरात मी होऊ देणार नाही.
संध्याकाळी रुक्मिणीनं विचारलं, तुमाले खरंच काही नाही लागलं? हे विचारताना ती माझ्याकडं फार वेळ बघत होती. मी म्हणालो, मीठ. सांगितलं ना, मीठ.

१३ ऑक्टोबर.
साचे आले. दुसरी खेप. या वेळी तिसरी बाटली आणि देव्हाऱ्यातली केवड्याची कुपी.
शेजारच्या विमलबाईंना पहिला साबण भेट दिला. प्रतिक्रिया मागितली. म्हणाल्या, भाऊ, लय पावरफुल. मोरीत ठेवला तं पाल दिसली नाही परत. म्हणजे अंगालाही चालतो आणि घरालाही. कागदावर 'बहुगुणी' असं लिहायला घेतलं.

१४ ऑक्टोबर.
स्वतः वापरून पाहिला. दंडावर, मानेवर लाल चट्टे. रक्त खेळू लागल्याची खूण. खाज आहे, पण सहन होण्यासारखी. रुक्मिणीनं न विचारता खोबरेल तेल आणून ठेवलं. लावलं नाही. रात्री थोडं लावलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी.
मलकापूरला एसटीनं. हर्षल पुण्याहून परस्पर गाडी घेऊन येणार होता. साबणाची पिशवी मांडीवर. जपून.
बस बुलढाण्याच्या पुढं निघाली तेव्हा लोकांनी खिडक्या उघडल्या. राजूर घाटात पुढच्या सीटवरच्या बाईला उलटी झाली. घाटात होतंच. कंडक्टर आला, म्हणाला, काका, पिशवीत काय हाय? फिनाईल सांडलं का? मी त्याला साबण दाखवला. तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, हे टपावर ठेवा नाहीतर उतरा. मी म्हणालो, तिकीट काढलंय, उतरणार नाही. सगळी बस कंडक्टरच्या बाजूनं. पिशवी ड्रायव्हरच्या मागच्या पेटीत गेली. मग ड्रायव्हर शिंकू लागला.
या देशात नवीन काही करणाऱ्याला असंच.

त्याच दिवशी, मलकापूर.
हरिओमरावांना साबण दिला. त्यांनी वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, व्याहीबुवा, एवढं कशाले केलं? मी म्हणालो, प्रेमानं. त्यांनी नोकराला हाक मारून सगळे साबण सरकीच्या गोदामात ठेवायला सांगितले. किमती वस्तू माणूस कुलपातच ठेवतो.
काजूकतली दिलीच. या वेळी मी त्यांच्याकडं बघत बसलो.

१९ ऑक्टोबर.
सगळे चिखलीत. नात घरात आल्यावर तीन वेळा शिंकली. प्राचीनं तिला सरळ गच्चीवरच्या खोलीत नेलं. प्रवासाची धूळ.
हर्षलनं घरी उरलेला माझा सगळा स्टॉक उचलून मागच्या अंगणात नेला. मी विचारलं, कोणाला विचारून? तो म्हणाला, बाबा, डोकं दुखून राह्यलं सगळ्यांचं. मी म्हणालो, सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, माझं नाही दुखत. तो काहीतरी बोलणार होता. रुक्मिणीनं त्याला डोळ्यानं गप्प केलं. मी पाहिलं.
उद्याची आंघोळ माझ्याच साबणानं. हा आता साबणाचा प्रश्न राहिला नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी.
पहाटे अंगणातून साबण घेऊन गच्चीवरच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. आत रुक्मिणी पाटावर बसून नातीला तेल लावत होती. प्राची बाहेर आली. आवाज न चढवता म्हणाली, बाबा, तुम्ही एवढ्या हौसेनं केला, मले माहीत आहे. पण मी तिच्या अंगाले हा लावू देणार नाही. तुम्ही रागावले तरी.
मी रागावलो. म्हणालो, या घरात माझ्या हातच्या वस्तूला किंमत नाही. म्हणालो, चाळीस वर्षं लोक माझ्या नाकावर विश्वास ठेवून पोत्यांचे सौदे करत होते. आणखीही बरंच म्हणालो, ते लिहीत नाही. नात रडायला लागली.
फराळ केला नाही. दिवसभर बाहेरच्या खोलीत. दारावर आलेल्या प्रत्येकाला एक एक साबण दिला. सगळ्यांनी घेतला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.
गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात माझे कागद दिसले. आतल्या साबणासकट. नाव वरच्या बाजूला. मोजले नाहीत.
पूजेला बसलो. बसावं लागतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा. दुपार.
जेवणानंतर प्राची खाली आली. नातीला धुरी देऊन आणलं होतं. तिला माझ्या मांडीवर ठेवलं. परवाच्या बोलण्यानंतर तिला तसं करायचं कारण नव्हतं.
आधी रुक्मिणी वाकली. नातीच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले, म्हणाली, माय वं, सोडूच नाही वाटत. मग हर्षल. तो एवढा मोठा माणूस, त्यानं दोनदा वास घेतला आणि हसला. प्राची म्हणाली, बाबा, तुम्ही घ्या न.
मी घेतला. काहीच नाही. परत घेतला, जोरात, जसा पोत्यात हात घालून घ्यायचो तसा. केस गालाला लागले, टाळू ऊन होती, खालून ठोके लागत होते. वास नाही.
नातीत भेसळ आहे असं मला म्हणता आलं नाही.
छान, असं म्हणालो. बाळ प्राचीकडं दिलं आणि चप्पल घालून मार्केटपर्यंत चालत गेलो. सुट्टी. सगळं बंद. परत आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
रुक्मिणीनं पाडव्याचं ओवाळलं. बाकीचे गच्चीवर दिवे लावत होते. मी तिला सांगितलं. मला कशाचाच वास येत नाही. त्या तापापासून.
ती म्हणाली, मले माहीत आहे.
मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दूध करपून सगळ्या घरात धूर झाला, तुम्ही गॅसजवळ पेपर वाचत बसेल होते. तवापासून. तुम्ही मार्केटचा पास घरात ठेवून दिला, जाणं बंद केलं, म्हणलं हा माणूस सांगेल कधीतरी. गॅस मी रोज तुमच्या मागून पाह्यते.
मी म्हणालो, मग साबण का करू दिले? ती म्हणाली, काहीतरी करून तं राह्यले होते. नुसते भिंतीकडं पाह्यत बसत होते त्यापेक्षा बरं.
मी ओवाळणीचं ताट उचलून देव्हाऱ्यात ठेवलं.
हर्षलनं बुलढाण्याच्या नाकाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी जातोय ते केवळ त्याला पुण्याला परत जायची घाई आहे म्हणून. वाद नको.

रात्री.
रुक्मिणीला विचारलं, पोरीच्या अंगाला वास कसला येतो?
ती हसली नाही. गच्चीवरच्या खोलीत गेली, खाली आली, बाजूला बसली आणि म्हणाली, लिहा. दुधाचा. थोडा वेखंडाचा. धुरीतल्या ओव्याचा. आन् उन्हात वाळेल दुपट्याचा.
लिहून घेतलं.