लाल पट्टीची वायर

२ एप्रिल
कूलर बंद. बेचाळीस डिग्रीत. काहून? तर नवरोबाच्या गिटारच्या अँप्लिफायरमधून घूंऽऽ येते, अन् यायचं म्हणणं, "कूलरची मोटार घुसते त्याच्यात." म्हटलं, अहो, कूलर बंद आहे तरी घूं आहेच ना? तर म्हणे, "अवं, तुले काय समजते त्यातलं!"
मले! आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झाली मी.

४ एप्रिल
महाल भागातले गुलाबभाऊ मिस्त्री येऊन गेले. अँप्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह बदलले, चौथ्यांदा. जुने चांगले होते. भाऊ गेले, घूं राहिली.
१३ले, जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, वस्तीत कार्यक्रम. यायचा ऑर्केस्ट्रा दहा वर्षांनी स्टेजवर. यायनं धास्ती घेतली आहे. अर्ध्या ताटावरून उठले.

६ एप्रिल
हे गिटार घेऊन तालमीले गेले, अँप्लिफायर घरीच. चालू करून पाहिला, गिटार नाही तरी घूं आहेच. आवाजाचं बटण शून्यावर, तरी घूं. म्हणजे गिटार नाही, कूलर तर नाहीच. प्लग काढला, साठलेली वीज उतरवली, झाकण खोललं. एक हात पाठीमागे ठेवून, म्हणजे शॉक छातीतून जात नाही. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायची. सप्लायचा कपॅसिटर टम्म फुगलेला, घूं त्याचीच. बदलला. मधून मधून खरखर यायची ती वेगळी, स्पीकरच्या सॉकेटवरचं सोल्डर सुटलं होतं. पक्कं केलं.
अन् कहर म्हणजे अँप्लिफायर ते स्पीकरची पेटी, गिटारचीच वायर! प्लग सारखा दिसते म्हणून. आत तार केसावाणी. जोरात वाजवलं का कधीही तुटेल, अन् स्पीकर सुटला का व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळते. तसा आता मिळत नाही. जाड वायर बनवली, ओळखू यावी म्हणून लाल पट्टी गुंडाळली.


८ एप्रिल
अँप्लिफायर एकदम स्वच्छ वाजला. हे हसले. किती महिन्यांनी!
"पाह्यलं? कूलर बंद ठेवला तर कसा वाजते!"
म्हटलं, मी दुरुस्त केला. "हो का," म्हणाले अन् गिटार लावत बसले.

१० एप्रिल
ऑर्केस्ट्रावाले चहाले. ढोलकवाले म्हणाले, "मशीन मस्त झाली गा, कोणी केली?" हे म्हणतात, "गुलाबभाऊचा हात." मी ट्रे घेऊन तिथंच उभी. बोलली सगळ्यांसमोर, कपॅसिटर मी बदलला. तर हे, "हो, हो, धूळ पुसली हिनं." सगळे हसले. ढोलकवाले तेवढे खाली पाहू लागले.
पिकते तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर फुकटही कोणी घेत नाही. असा जीव जळला, सांगता येत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. पडू दे.

११ एप्रिल
तरी समजावलं. स्पीकरले लाल पट्टीचीच वायर लावा, दुसरी नको. कारणही सांगितलं.
"दहा वर्षं तीच वायर चालली ना? आता याले हात लावू नको तू."
बरं. नाही लावत.

१३ एप्रिल
चारलेच टेम्पो आला. निळा शर्ट मीच इस्त्री केला. जाताना दारात थांबले, म्हणाले, "सातले येशील ना? पुढंच बस." असं कधी म्हणत नाहीत.
आता पाहते तर खुंटीवर लाल पट्टी लोंबून राहिली. म्हणजे गिटारचीच नेली.
फोन लावला. दुसऱ्यांदा उचलला. "अहो, वायर..." एवढंच बोलली. "तुझं पुन्हा तेच!" ठेवला.
टिकेलही. एक गाणं, दोन गाणी. नाही तर साऱ्या वस्तीसमोर... अन् उद्या गुलाबभाऊ येतील, व्हॉल्व्ह गेला म्हणतील.
पावणेसहा. कूलर फुल लावून बसली आहे. वायर पिशवीत घातली. गाडीची चावी समोरच आहे.