दुखतंय कुठे?

४ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर माझं निम्मं बोलणं हवेतच विरतं, म्हणून लिहायला बसलो. तू दुकानाची वेबसाइट करून दिलीस त्याला महिना होत आला. साइट फार देखणी झाली आहे. काळ्या पडद्यावर आपले बूट हळूहळू गिरकी घेतात आणि एक तरुण मुलगी ते घालून जिना चढते. तिच्या पायांना काही झालेलं नाही हे लांबूनही कळतं. तुझ्या वहिनीने कौतुकाने शेजारच्या बेकरीवाल्याला नेऊन दाखवली. तो झकास म्हणाला आणि लंगडत भट्टीकडे गेला.

ऑर्डर मात्र एकही नाही. एक फोन आला होता, तो त्या मुलीची चौकशी करायला.

बूट कारखान्याच्या साहेबांचा पुन्हा निरोप आहे. मला देऊ केलेली तपासनिसाची जागा जूनपासून, हो की नाही ते मे अखेरपर्यंत कळवायचं. दुखऱ्या पायांचे जोडे करणारं दुकान एका गल्लीच्या जिवावर चालत नाही, हे मलाही आता पटलंय. ज्यांना आपली गरज आहे ते गावोगाव विखुरलेत. साइट त्यांच्यापर्यंत पोचली तर ठीक, नाहीतर बाबांचं स्टूल घरी न्यायचं आणि शटर ओढायचं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू केलेलं सुंदरच आहे.

तुझ्या सासूबाईंच्या पायांची सूज कशी आहे? त्यांना नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुंदरच आहे, हे तुझं वाक्य मला चांगलंच झोंबलं. बाहेरून घेतलेला बूट चावायला लागला की लोक बाबांना असंच सांगायचे, दिसायला छान आहे हो!

मग मी सासूबाईंच्या हातात फोन दिला. तुम्हाला जोडे हवेत असं समजा, म्हटलं, मी मधे बोलणार नाही. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. माझी राखाडी नाजूक अक्षरं त्यांना दिसेनात. बूट फिरतच होता. याला आधी कुणीतरी थांबवा, मला भोवळ येते, म्हणाल्या. शेवटी फोन परत देत त्यांनी विचारलं की तुझा भाऊ निदान दुखतंय कुठे हे तरी आधी विचारतो, इथे मी ते सांगायचं कुणाला?

दादा, चूक तिथेच सापडली. दागिन्यांच्या आणि हॉटेलांच्या साइट करून माझी नजर तशीच झाली होती. तीच मी तुझ्या दुकानाला लावली. तुझं गिऱ्हाईक नटायला येत नाही, चालता यावं म्हणून येतं.

सगळं पुसून टाकलंय. आता पांढरा पडदा, ठसठशीत काळी अक्षरं आणि वर एकच प्रश्न: दुखतंय कुठे? खाली पायाचं चित्र, त्यावर दुखरी जागा बोटाने दाबायची. मग कागदावर पाय ठेवून पेन्सिल कशी फिरवायची आणि तो कागद तुला कसा पाठवायचा ते दाखवलंय. तुझा फोन नंबर कुठेही गेलं तरी डोळ्यांसमोर राहील.

एकच अडलंय. वरून तुझा बूट चारचौघांसारखा दिसतो. तुझी सगळी करामत तळात, आणि तू पाठवलेल्या एकाही फोटोत तळ नाही. का ते मला ठाऊक आहे. बाबांनी कधी कुणापुढे बूट पालथा धरला नाही आणि तूही धरत नाहीस. पण झाकून ठेवलेलं औषध कोण मागणार? रागावलास तरी चालेल, पण लिही.

तुझी,
बारकी

२ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलोच होतो. ज्या बाजूने रस्ता तुडवतात ती समोरच्याच्या तोंडापुढे धरायची नाही, हे बाबांनी मला पहिला टाका शिकवण्याआधी शिकवलं. तुझ्या वहिनीला म्हटलं, बारकी आता बाबांनाही शिकवायला निघाली. ती पोळपाट पुसता पुसता म्हणाली की बाबा गिऱ्हाइकाला समोर बसवून सगळं समजावत होते, फोटोला तोंड आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा हात जोडून बसलो. डोळे मिटले की मला देवाचा चेहरा कधीच दिसत नाही, पाय दिसतात. जन्मभर आपण डोकं टेकवतो ते पायांवर. मग ज्यावर कुणाचा दुखरा पाय विसावणार, त्या तळाची लाज कसली? बाबांनीही मान हलवली असती, जरा उशिराने.

खिडकीपाशी बूट पालथे धरले. एकाचं आतलं अस्तर सोडवून टाचेखालची खळगी आणि तिथली मऊ गादी उघडी केली. फोटो वहिनीने काढले, कारण माझे दोन्ही हात बूट धरण्यात अडकले होते. सोबत पाठवतोय.

एक सुचवतो. दुखतंय ते नेमकं कुठे, हे पुष्कळांना सांगता येत नाही. चित्राखाली ‘कळत नाही’ असंही एक बटण ठेव. माझं काम बहुतेकदा तिथूनच सुरू होतं.

तुझा,
दादा

२८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सगळ्यात जास्त कुठलं बटण दाबलं जातंय सांगू? कळत नाही! आणि तळाच्या फोटोंवर लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात. तुझा फोन सारखा गुंतलेला. वहिनी म्हणते की तू जेवायला बसूनही लोकांच्या टाचांबद्दल बोलतोस. ही साइट आपणच बनवली, असं सासूबाई घरोघर सांगतायत. मी नाही कशाला म्हणू?

पण कारखान्याला काय कळवलंस? आधी ते लिही, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
बारकी

२५ मे

चि. बारकीस,
पोटभर आशीर्वाद.

कारखान्याला नाही म्हणून आलो. साहेब आधी हसले. मग दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले की ते पायाचं चित्र त्यांनीही दाबलंय, टाचेवर. त्यांचा कागद आता माझ्या फळीवर आहे, पण रांगेत. दिवसभर उभं राहणारी एक नर्स आणि एक म्हातारा बसचालक त्यांच्या आधी आहेत. जोड्यांना वेळ लागेल, असं साइटवर मोठ्या अक्षरांत लिही. लोक थांबायला तयार आहेत, फक्त आधी सांगायला हवं.

तुझा प्रश्न मी दुकानाच्या पाटीवरही रंगवून घेतला. पाटी लागली त्याच संध्याकाळी बेकरीवाला दारात उभा राहिला. तो रोज माझ्यासमोरून लंगडत जायचा. त्याला वाईट वाटेल म्हणून मी कधी विचारलं नाही, आणि मी विचारत नाही म्हणून तो कधी बोलला नाही. पाटी वाचून आत आला, बाबांच्या स्टुलावर बसला, पाव भरलेली टोपली मांडीवर ठेवून पाय पुढे केला आणि अंगठ्यामागे बोट ठेवलं.

त्याचे जोडे काल दिले. आज सकाळी तो भट्टीकडे निघाला, तेव्हा मी हातातली आरी तशीच धरून दारात उभा राहिलो. कोपऱ्यावर त्याने वळून हात केला आणि सरळ चालत गेला.

तुझा,
दादा

ता. क. सासूबाईंचा कागद अजून आला नाही. साइट बनवणाऱ्यांना रांग नाही म्हणावं.