मयुरीची संगत

६ जानेवारी, सोमवार

आठशे मीटर – तीन मिनिटं सात सेकंद. लाज वाटावी अशी वेळ! मयुरीची दोन बावन्न. ती तर धापाही टाकत नव्हती.

बुलढाण्याच्या या खोलीत आजपासून आम्ही दोघी. ती पिंपळगाव राजाची, मी नांदुऱ्याची. दोघींनाही पोलीस व्हायचंय. मयुरी नळाला शिव्या देते, बुटाला देते, अलार्मला देते. मम्मीचा फोन आला, “पोरगी कशी आहे?” म्हटलं, चांगली आहे. मम्मीला खरं वाटलं नाही.

मी काही कच्च्या मातीची नाही. लहानपणापासून पप्पांच्या मांडीवर प्रार्थना शिकले. मी बदलणार नाही. बदलली तर तीच बदलेल!

१२ जानेवारी, रविवार

उपासनेहून आले तर बाईसाहेब झोपलेल्या. संध्याकाळी मी गुडघ्यावर बसले, तेव्हा उशीवरून विचारते कशी,

“डोळे मिटून काय मांगतं बे तू?”

“मागत नाही. बोलते.”

“मंग माह्यं बी सांग. गोळा आठ मीटर जाऊ दे म्हना.”

सांगितलं. तिनं ‘आमेन’ इतक्या जोरात म्हटलं की घरमालकीण रुखमाबाई जिन्यावरून ओरडल्या. खूप हसलो. मला मनातून वाटलं – सुरुवात झाली!

२६ जानेवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. पळायला गेले.

मम्मीला फोनवर सांगितलं, गेले होते. तिनं विचारलं कोणतं गीत झालं, तर तेही सांगितलं. इतकं सहज! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मयुरी ऐकत होती. म्हणाली, “मस्त फेकतं बे!”

वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

नांदुऱ्याला गेले. पप्पा कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर असतात आणि मंडळीत कधीकधी वचन सांगतात. मंडळीतल्या काकूंनी मयुरीबद्दल आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. मी भांडायच्या तयारीनेच बसले.

“पप्पा, प्रभू जकातदाराच्या घरी जेवले. लोकांनी तेव्हाही नावंच ठेवली.”

पप्पा भाकरी मोडत होते. रागावले नाहीत.

“प्रभू जेवाले गेले, तं ते घर बदललं. तू जातं तिथं कोन बदलून राह्यलं, ते पाय.”

मी ताट उचललं. परतीच्या एसटीतही तेच वाक्य घोळवत होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या तोंडून ‘बे’ निघालं – जयमालासमोर. शेजारच्या खोलीतली. अठरा वर्षांची आहे, तीही भरतीची तयारी करते. तासाभरात तीही ‘बे’ म्हणायला लागली! माझ्यासारखी वेणी घालते, माझ्यासारखेच बूट घेतलेत. शलूताई, शलूताई करत मागे असते. गंमत वाटते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नडग्या ठणकतात. वेळ दोन अठ्ठावन्नवर अडकलीय. पूर्ण मार्कांना दोन पन्नास पाहिजे आणि चाचणी चोवीसला!

मैदानामागच्या टपरीजवळ एक माणूस बसतो. सुया विकतो – इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या बाटल्या. ताकद येते म्हणतात. बऱ्याच जणी घेतात, बोलत कोणीच नाही.

जयमाला माझ्या पायांना तेल लावत होती. मी म्हटलं, “उद्या मी आणणार आहे. एकदाच घेतली तर कुठे पाप लागतं?”

तिनं विचारलं, “खरंच ताई?”

“खरंच.” अगदी ठामपणे म्हटलं. ठाम बोलता येतं मला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आणल्या. दोन. रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवल्या.

मयुरीनं टॉवेल शोधताना पाहिल्या. शिवी येईल म्हणून थांबले. आली नाही.

“हे काय होय?”

“सगळ्याच घेतात.”

“मीनं घेतल्या. मांगच्या भरतीत.” पलंगावर बसली. “पंधरा दिवस छातीत धडधड. आईले सांगता येईना. यावेळी काऊन नाही घेतल्या, मालूम हाय तुले?”

मी रुमाल परत गुंडाळायला लागले.

“तू रोज इथं गुडघ्यावर बसतं. मले लाज वाटते बे! वाटलं, इच्यासंग राहाचं तं नीट राहाव. अन् आता तूच?”

तिनं मोरीत नेऊन दोन्ही फोडल्या. मग काचा स्वतःच वेचल्या, माझ्या पायाला लागू नयेत म्हणून.

मी रडले. मग प्रार्थना केली, तिच्यासमोर, मोठ्यानं. कित्येक दिवसांनी मन स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. प्रभू मला अडवायला माणूस पाठवतो, आणि तोंडात शिव्या असलेला पाठवतो! मंडळीतल्या काकूंना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

उद्या जयमालाला सांगायचं, मी घेतली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन पंचावन्न! सुईशिवाय! दिवसभर तरंगत होते. जयमालाची गाठ पडली नाही. मीही फार शोधलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जयमाला पडली.

शंभर मीटरच्या शेवटाला. ओठ काळेनिळे. मयुरीनं तिला खांद्यावर टाकलं आणि मैदानापासून रस्त्यापर्यंत पळत आणलं. ऑटोत मी पाय धरून बसले होते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय घेतलं हिनं?” मयुरीनं जयमालाची बॅग उलटी केली. रिकामी बाटली निघाली. मी बुधवारी आणलेली, तसलीच.

दुपारी तिची आई आली, कोकिळाकाकू. रुखमाबाई सोबत होत्या. काकू भिंतीला टेकून विचारत होत्या, “माह्या पोरीले कोनं शिकोलं हे?”

रुखमाबाई म्हणाल्या, “कोनं म्हंजे? त्या मयुरीची संगत!”

सगळ्यांनी मयुरीकडे पाहिलं. मयुरीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. जमिनीकडे पाहत उभी राहिली.

मी तिथेच होते. तीन पावलांवर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जयमालाचा धोका टळला. देवा, तुझे उपकार.

ती कोणाचंच नाव घेत नाही. पोलीस उद्या जबाब घेणार आहेत – सुई कोण विकतं आणि तिला तिकडे कोणी पाठवलं. रुखमाबाईंनी मयुरीला उद्यापर्यंत खोली सोडायला सांगितली.

ती बॅग भरत होती. मी म्हटलं, “तू काही बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुह्यं नाव लागलं तं तुही भरती गेली. तुह्या बापाले मंडळीत मान हाय. माह्यं काय, मले तं सारेच वाया गेलेली म्हनतात.”

“पण तू मला वाचवलंस!”

“तू मले आंधी वाचोलं. गप राय आता.”

गुडघ्यावर बसले. एवढे दिवस मोजत होते – मयुरीचा माझ्यावर किती परिणाम, माझा मयुरीवर किती. आणि एक मुलगी माझी वेणी, माझे बूट, माझा ठामपणा उचलून चालत होती. तिच्याकडे मी एकदाही वळून पाहिलं नाही. मयुरीसाठी प्रार्थना केली, स्वतःसाठी केली. जयमालाचं नाव कालपर्यंत माझ्या प्रार्थनेत नव्हतं.

पप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. उपासनेचं खोटंही. पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच – “सकाळच्या गाडीनं येतो. तू माह्यी वाट नको पाहू.”

भीती वाटत नाहीये. आश्चर्य आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात गेले. कोकिळाकाकूंच्या समोर उभी राहिले. “काकू, मयुरी नाही. जयमालाला सुईचं मी सांगितलं होतं.” काकूंनी हात उचलला, मग तोच हात तोंडावर धरून खाली बसल्या.

हवालदारबाईंनी कागद पुढे ओढला. “भरतीत हायस ना तू? विचार कर पोरी.”

केला होता.

“नाव?”

“शलोमी प्रभुदास तायडे.”